हिजलीची इमारत व सालवनांतील धांवपट्ट्या

मुंबईहून नागपूरमार्गें हावड्यास जाणाऱ्या गाडीनें ज्या वाचकांनीं प्रवास केला असेल, त्यांस टाटानगर मागें पडल्यावर सुरू होणारें सालवृक्षांचें रान आठवत असेल. घाटशिला, धालभूमगड, चाकुलिया, झाडग्राम, कलाईकुंडा अशीं स्टेशनें एकामागून एक येतात. तांबडी माती, मधून मधून भाताचीं खाचरें, एखादा तलाव, आणि पुन्हां साल. गाडी बहुतेक ठिकाणीं थांबत नाहीं, आणि थांबली तरी उतरावेंसें वाटण्याजोगें फलाटावरून कांहीं दिसत नाहीं. आम्ही या वाटेनें पूर्वीं दोनदां गेलों होतों, एकदां गंगासागरास जातांना व एकदां परततांना. दोन्ही वेळां दृष्टि हातांतील पुस्तकावर होती. या रुळांच्या आसपास १९४४ सालीं त्या काळच्या सर्वांत मोठ्या बाँबफेकी विमानांचे तळ पसरलेले होते, आणि त्यांच्या धांवपट्ट्या अद्याप रानांत पडून आहेत, ही गोष्ट आम्हांस गेल्या मार्गशीर्षापर्यंत ठाऊक नव्हती.

नुसतें अज्ञान असतें तर त्याचें एवढें कांहीं वाटलें नसतें. परंतु आम्ही पेशानें शिक्षक. संस्कृताच्या जोडीला इतिहासाचे तासही पुष्कळ वर्षें आमच्याकडे असत, आणि दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला म्हणजे आम्ही एक वाक्य मुलांस वहींत उतरून घ्यावयास सांगत असूं: ईशान्य सीमा व कलकत्त्यावरील थोडे हवाई हल्ले सोडले, तर या युद्धाची प्रत्यक्ष झळ हिंदुस्थानास लागली नाहीं. वाक्य सुटसुटीत होतें व परीक्षेंत त्यास गुण मिळत. एके वर्षीं मागल्या बाकावरील एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, झळ लागली नाहीं, तर मग बंगालमध्यें तेव्हां इतकीं माणसें कां मेलीं?” तो भाग पुढें यावयाचा आहे, असें सांगून आम्हीं त्यास खालीं बसविलें. पुढें तो भाग आला, तेव्हां त्याचा प्रश्न आम्हांस आठवला नाहीं.

आमची पुतणी खरगपूरच्या आय. आय. टी. मध्यें संशोधन करते. “काका, एकदां येऊन तर पाहा, तुम्हांला दाखवावी अशी एक इमारत येथें आहे,” असें ती दोन वर्षें सांगत होती. शेवटीं आम्ही उभयतां आठ दिवसांकरितां तिच्याकडे गेलों. महाराष्ट्रांतून पाहुणे आलेले पाहून तिच्या एका बंगाली मैत्रिणीनें हंसत विचारलें, “बर्गी आले का?” त्या हंसण्यांत कडवटपणा मुळींच नव्हता, तरी आमच्या नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळानें १७४२ पासून नऊ-दहा वर्षें या मुलखाचें काय केलें, हें तिकडील घरांतून अजून बोलण्यांत येतें, आणि आपल्या बखरी वाचून अभिमानानें ताठ झालेली मान तेथें थोडी लवते. हें विषयांतर झालें. परंतु परक्या सेनेच्या पायांखालीं सांपडलेला मुलूख कसा बोलतो, याची ओळख आम्हांस अशी पहिल्याच दिवशीं झाली.

पुतणीनें दाखविलेली इमारत म्हणजे हिजलीचा जुना बंदिवास. मध्यें गढीच्या बुरुजासारखा उंच मनोरा आणि दोहों बाजूंस दूरवर गेलेल्या इमारती. कायदेभंगाच्या चळवळींत तुरुंग अपुरे पडूं लागले, तेव्हां १९३० सालीं सरकारनें येथें राजबंद्यांची छावणी केली. १६ सप्टेंबर १९३१ रोजीं पहाऱ्यावरील शिपायांनीं निःशस्त्र बंद्यांवर गोळ्या झाडल्या, व संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे तरुण ठार झाले. त्यांचे देह ताब्यांत घेण्यासाठीं सुभाषबाबू स्वतः हिजलीस आले होते. रवींद्रनाथांनीं कलकत्त्याच्या प्रचंड सभेंत या कृत्याचा निषेध केला. छावणी १९३७ सालीं बंद झाली, १९४० सालीं पुन्हां उघडली आणि १९४२ सालीं कायमची मिटली. पुढें १९५० सालीं याच इमारतींत देशांतील पहिल्या आय. आय. टी. चा संसार मांडला गेला, व १८ ऑगस्ट १९५१ रोजीं मौलाना आझाद यांच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. हल्लीं इमारतीस हिजली शहीद भवन म्हणतात, व तिच्यांत विज्ञानाचें एक संग्रहालय आहे.

“आणि ४२ व ५० यांच्या मध्यें येथें कोण होतें?” आम्हीं विचारलें.

“अमेरिकन, काका. विमानवाले.”

एवढ्या दोन शब्दांवरून आम्ही पुढचे चार दिवस ग्रंथालयांत बसलों. तेथें जें हातीं लागलें तें थोडक्यांत असें.

१९४२ सालीं जपाननें ब्रह्मदेश घेतला आणि चीनला माल पोंचविण्याचा शेवटचा जमिनीवरचा रस्ता तुटला. चीन लढाईंतून बाजूस पडूं नये, आणि जपानच्या बेटांवर एकदांचे बाँब पडावे, असा प्रेसिडेंट रूझवेल्ट यांचा दुहेरी हेतु होता. इतका पल्ला गांठणारें विमान अमेरिकेकडे एकच तयार होत होतें. तें म्हणजे बोइंग कंपनीचें बी-२९. त्यास तिकडे ‘सुपरफोर्ट्रेस’ म्हणत. आपण महादुर्ग म्हणूं. पंखांचा विस्तार १४१ फूट, पूर्ण भरल्यावर वजन सुमारें ६० टन, प्रत्येकीं २,२०० अश्वशक्तीचीं चार इंजिनें आणि आंत ११ माणसें. पॅसिफिक महासागरांतील जवळचीं बेटें तेव्हां जपानकडे होतीं. म्हणून असें ठरलें कीं महादुर्गांचें घर बंगालमध्यें असावें, हिमालयापलीकडे चीनमध्यें चेंगटू शहराजवळ पुढचे तळ असावे, आणि तेथून जपान गांठावा. बंगाल निवडण्याचीं कारणें उघड होतीं. कलकत्त्याचें बंदर हाताशीं होतें, बंगाल-नागपूर रेल्वेचे रूळ दारावरून जात होते, आणि शत्रूचीं विमानें येथवर सहसा येत नसत. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीवर ५ डिसेंबर १९४३ रोजीं जपानचे बाँब पडले; त्याच्या पश्चिमेस आणखी शंभरावर किलोमीटर सरकलें कीं रान सुरू होतें.

त्या रानांत, कोठें आधींच आंखलेले तळ वाढवून तर कोठें नवे घालून, खरगपूरनजीक सालुआ, झाडग्रामकडील दुधकुंडी, विष्णुपूरच्या वाटेवरील पियारडोबा आणि चाकुलिया असे चार मुख्य तळ उभे राहिले. दुधकुंडीचें काम लांबलें म्हणून कांहीं महिने पुरुलियाजवळील चर्रा येथेंही विमानें राहिलीं. कलाईकुंडा हा या सर्वांचा शेजारी. ६,००० फुटांच्या धांवपट्ट्या महादुर्गांस अपुऱ्या, म्हणून त्या ७,५०० फूट करण्यांत आल्या; म्हणजे सव्वादोन किलोमीटरांहून थोड्या अधिक. बज-बज बंदरापासून पेट्रोलची नळी थेट तळांपर्यंत आणली. आणि या सर्वांचें मुख्यालय, ज्यास विसावें बाँबर कमांड म्हणत, तें हिजलीच्या त्या रिकाम्या बंदिवासांत थाटलें गेलें.

आतां आम्हीं ज्या आंकड्यापाशीं थांबलों तो सांगतों. अमेरिकेच्या विमानदळाच्या अधिकृत इतिहासांत या तळांच्या बांधकामावर सुमारें ६,००० अमेरिकन सैनिक व २७,००० हिंदी मजूर असल्याची नोंद आहे. हें काम १९४३ च्या अखेरीस व १९४४ च्या आरंभीं झालें. ती वेळ आणि तो जिल्हा वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. १६ ऑक्टोबर १९४२ रोजीं चक्रीवादळ व समुद्राची लाट यांनीं मिदनापूर जिल्ह्याची दाणादाण केली होती. त्या आधींच तेथें ‘छोडो भारत’ चळवळ पेटलेली होती. तमलुकच्या बाजूस लोकांनीं ताम्रलिप्त जातीय सरकार स्थापिलें, तें आपल्या साताऱ्याच्या प्रतिसरकाराचें थोरलें भावंड म्हणावें असें. त्यामागून १९४३ चा दुष्काळ आला. सरकारी चौकशी-मंडळानें मृत्यूंची संख्या पंधरा लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. पीक अगदींच बुडालें होतें असें नव्हे. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून खेड्यांतील होड्या व धान्य सरकारनें आधींच काढून घेतलें, सैन्याच्या व युद्ध-कारखान्यांच्या खरेदीनें भाव चढले, आणि छावण्या व विमानतळ यांकरितां संरक्षण-कायद्याखालीं जमिनी घेतल्या गेल्यामुळें बंगालमध्यें हजारों कुटुंबें घरांतून उठलीं. मिदनापूर हा त्या दुष्काळांत अत्यंत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं एक. अशा वेळीं, अशा ठिकाणीं, धांवपट्टीवर खडी फोडावयास कोणी यावें म्हणून दवंडी पिटण्याची गरज पडली नसेल.

मागल्या बाकावरील त्या मुलाचा प्रश्न आम्हांस ग्रंथालयांतील त्या टेबलापाशीं आठवला.

पहिला महादुर्ग चाकुलियास उतरला तो २ एप्रिल १९४४ रोजीं, म्हणजे नेमका तिकडील उन्हाळा तापण्याच्या वेळीं. विमान नवें, घाईनें तयार केलेलें. इंजिनें तापून पेट घेत. दुपारीं पत्रा इतका तापे कीं हात लावतां येऊं नये, म्हणून दुरुस्तीचें काम पहांटे व रात्रीं चाले. परंतु खरी अडचण हिशेबाची होती. चेंगटू येथून सुमारें १,२०० मैल, मध्यें हिमालयाची पूर्वेकडील रांग, आणि तिकडे बाँब किंवा पेट्रोल पोंचविण्यास दुसरी वाट नाहीं. एका महादुर्गास जपानवर एक वेळ पाठवावयाचें, तर त्यापूर्वीं पांच-सहा खेपा करून त्याचें पेट्रोल व बाँब पर्वतापलीकडे नेऊन ठेवावे लागत. चीनमध्येंही तळ घालण्यास तीन लाखांहून अधिक शेतकरी जुंपले गेले होते. शेंकडों माणसें दोराला लागून दगडी रूळ ओढीत. शास्त्रांत ‘बह्वारंभ’ व ‘लघुक्रिया’ यांची जी जोडी सांगतात, तिचें इतकें मोठें उदाहरण आमच्या वाचनांत दुसरें आलेलें नाहीं.

क्रिया खरोखरच लघु झाली. रंगीत तालीम म्हणून ५ जून १९४४ रोजीं बंगालमधून ९८ विमानें बँकॉकच्या रेल्वे-कारखान्यावर निघालीं. पांच नष्ट झालीं, त्यांपैकीं एकही शत्रूच्या माऱ्यानें नव्हे. १५ जूनच्या रात्रीं चेंगटूहून ६८ महादुर्ग जपानच्या यावाता येथील पोलादाच्या कारखान्याकडे निघाले. ४७ पोंचले, कारखान्यावर नेमका पडला तो एक बाँब. वर्तमानपत्रांतून जयजयकार झाला. त्याच १५ जूनला अमेरिकन सैनिक पॅसिफिकमधील सायपान बेटावर उतरले होते, आणि तीं बेटें हातीं आल्यावर समुद्रमार्गें हवें तेवढें पेट्रोल आणून तेथूनच जपान गांठतां येणार होता. म्हणजे बंगालच्या खटाटोपाचें पहिलें फळ ज्या दिवशीं आलें, त्याच दिवशीं त्याची गरजही सरूं लागली. पुढें सिंगापूरची गोदी व सुमात्रांतील तेलाचे कारखाने यांवरही हल्ले झाले. दहा महिन्यांत एकंदर ४९ मोहिमा झाल्या. युद्धानंतर अमेरिकेनेंच नेमलेल्या मंडळानें हिशेब केला: चीनमधून गेलेल्या महादुर्गांनीं जपानच्या मुख्य बेटांवर टाकलेले बाँब सुमारें ८०० टन, आणि परिणाम नांव घेण्यासारखा नाहीं.

येथें आम्हीं पुस्तक मिटलें असतें. परंतु हिजलीच्या इमारतीचा एक धागा पुढें जातो. ऑगस्ट १९४४ च्या अखेरीस कर्टिस लमे हे सेनापति या मुख्यालयांत आले. १८ डिसेंबर रोजीं त्यांच्या विमानांनीं चीनमधील जपानव्याप्त हँकाऊ शहरावर आग लावणारे बाँब टाकले, आणि नदीकांठचा भाग जळून गेला. महादुर्गांतून मोठ्या प्रमाणावर आग टाकण्याचा हा आरंभ. जानेवारींत लमे पॅसिफिकमधील बेटांवर गेले, आणि ९ मार्च १९४५ च्या रात्रीं त्यांच्या आज्ञेनें टोकियो पेटविण्यांत आलें. एका रात्रींत सुमारें एक लाख माणसें जळालीं. मार्चअखेर बंगालचे महादुर्गही आपलें बिऱ्हाड आटोपून टिनिअन बेटाकडे निघाले. टोकियोचें खापर हिजलीच्या विटांवर फोडावें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या छताखालीं दोन निःशस्त्र तरुणांच्या हत्येनें सारा बंगाल हळहळला, त्याच छताखालीं तेरा-चौदा वर्षांनीं बसून कोणी नगरें जाळण्याचे नकाशे पाहत होतें, आणि आणखी सहा वर्षांनीं तेथेंच मुलें गणित शिकूं लागलीं. पुतणी म्हणाली, “काका, इमारतीला काय त्याचें?” तिचें म्हणणें खरें असेल. आम्हांस मात्र त्या जिन्यावरून उतरतांना पाय जपून टाकावासा वाटला.

आतां अवशेषांविषयीं. सालुआच्या जागीं आज ईस्टर्न फ्रंटियर रायफल्स या दलाची वसाहत आहे. दुधकुंडीची भूमि भारतीय वायुदलाकडे बाँबफेकीच्या सरावासाठीं आहे. म्हणजे तिच्या नशिबीं बाँब अजून आहेतच. कलाईकुंडा हा वायुदलाचा मोठा जागता तळ आहे, व पाहुण्यांनीं तिकडे फिरकण्याचें कारण नाहीं. ७ सप्टेंबर १९६५ रोजीं ढाक्याहून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांनीं तेथें उभीं असलेलीं आपलीं कांहीं विमानें जाळलीं. तीं दुसऱ्यांदा आलीं, तेव्हां आल्फ्रेड कुक या वैमानिकानें आपल्या हंटर विमानांतून त्यांच्याशीं अगदीं झाडांच्या शेंड्यांलगत झुंज घेतली व वीरचक्र मिळविलें. गंमत अशी कीं दोन्ही बाजूंच्या तुकड्यांचा क्रमांक चौदाच होता.

मोकळी पाहावयास मिळते ती चाकुलियाची धांवपट्टी. खरगपूरहून सकाळच्या गाडीनें निघून आम्ही तिघें तेथें उतरलों. स्टेशनापासून थोडें गेलें कीं साल एकदम दोहों बाजूंस हटतो आणि समोर नुसता प्रकाश दिसतो. पट्टी इतकी लांब कीं दुसरें टोंक उन्हांत थरथरतें. जागोजाग चिरा पडल्या आहेत, त्यांतून गवत आलें आहे. तरी बहुतेक भाग असा घट्ट कीं काठीचें टोंक आपटावें तर खणखणावें. १९७१ सालीं बांगला देशाच्या मुक्तिवाहिनीच्या तरुणांस चाकुलियास लढाईचें शिक्षण दिलें जाई. त्यानंतर या जागेकडे कोणाचें फारसें लक्ष गेलेलें दिसलें नाहीं. गुरें चरत होतीं. एके ठिकाणीं भात वाळत घातलें होतें.

आमच्या कुटुंबानें प्रथम कौतुकच केलें. “अहो, वाळवणाला किती सोईचें!” मग चार पावलें चालून ती थांबली. “पण याच्याखालीं कोणाचें शेत असेल हो?”

भाताजवळ एक वृद्धा लांब बांबूनें दाणे परतीत बसली होती. पुतणीनें मोडक्यातोडक्या बंगालींत तिला विचारलें. ती म्हणाली, शेताचें तिला माहीत नाहीं; ती लग्न होऊन या गांवीं आली तेव्हां ही पट्टी अशीच होती. तिची सासू मात्र येथें लहानपणीं आईबरोबर खडी फोडीत असे. आई मोठे दगड फोडी, व मुलगी बारीक खडी टोपलींत भरी. विमानाचा आवाज आला कीं सासू म्हातारपणींही हातांतलें काम टाकून झाडाखालीं जाई. एवढें सांगून तिनें भात ओढून ढीग करावयास आरंभ केला. ऊन कलल्यावर या बाजूस हत्ती येतात, म्हणून अंधारापूर्वीं पोतीं घरीं गेलीं पाहिजेत. आमच्या कुटुंबानें पदर खोंचला व तिला पोत्याचें तोंड धरून दिलें.

पुण्यास परत आल्यावर आम्हीं जुनीं वर्गांचीं छायाचित्रें काढलीं. तो मुलगा सांपडला. मागल्या रांगेंत डावीकडून तिसरा. नांवही आठवलें. त्याच्या एका सोबत्याकडून पत्ता मिळाला, आणि त्यास हें सर्व सविस्तर लिहून टपालांत टाकलें आहे. इतरांचे पत्ते आम्हांजवळ नाहींत. आमच्या हाताखालून गेलेल्यांपैकीं ज्यांच्याकडे त्या वेळच्या वह्या अजून असतील, त्यांनीं महायुद्धाच्या धड्यांतील तें वाक्य खोडावें.